जुनी इराणी जानमाज घेताना: मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानाचा अनुभव

आधी निकाल सांगते: दुकान चांगलं आहे, माणूस सरळ आहे आणि मी पुन्हा तिथूनच घेईन. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जुनं फर्निचर आणि झुंबरं विकणाऱ्यांच्या गर्दीत एक अरुंद लाकडी जिना वर जातो. वर फक्त गालिचे. तिथूनच मी माझी जानमाज, म्हणजे नमाजासाठी अंथरायचा लहान गालिचा, घेतली. मालकांनी नाव छापू नका अशी विनंती केली, म्हणून ते देत नाही. तरीही लिहिते आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आमच्या पट्ट्यात असा माल ठेवणारं दुकान मला कुठे आढळलं नाही. मग आपली माणसं चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात आणि तिथे पर्यटकांसाठी मांडलेला माल ‘दीडशे वर्षांचा पर्शियन’ म्हणून घेऊन येतात. एवढे पैसे घालायचे तर काय बघून घालायचे, हे मला जेवढं कळलं तेवढं इथे सांगते.

माझं माहेर वडगावचं, विणकरांचं. आजोबांच्या हातमागावर शहापुरी साड्या निघायच्या, आता भावाकडे पॉवरलूम आहेत. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं हे आमच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. गालिचातही उभा-आडवा धागा असतोच. फरक इतकाच की उभ्या धाग्यांच्या जोडीवर लोकरीची एकेक गाठ हाताने मारून तिची टोकं कापतात, त्यातून लव तयार होते. म्हणून गालिचाचं सगळं खरं-खोटं पाठीवर दिसतं. गाठी स्वच्छ मोजता येतात, नक्षी पाठीवरही तशीच उमटलेली असते. पाठीला कापड चिकटवलेलं असेल, तर तो गाठीचा गालिचाच नव्हे. खाली रबराचा चीक लावून लव नुसती टोचून बसवलेली असते. दशांचंही तसंच. दशा म्हणजे गालिचाच्या उभ्या धाग्यांची बाहेर आलेली टोकं. त्या वेगळ्या शिवलेल्या दिसल्या तर विचारायचं, का शिवल्या? कधी दुरुस्ती असते, कधी मुळात यंत्राचा माल असतो.

इतर गालिचे सोडून जानमाजच का, असं घरातही विचारलं. एक कारण माप. साधारण तीन बाय पाच फूट, एका माणसाचा गालिचा. आमच्यासारख्या मध्यम घरात तो मावतो, भिंतीवर शोभतो आणि मोठ्या गालिचाच्या मानाने आवाक्यात येतो. दुसरं कारण विजापूर. गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आसार महालातले जुने गालिचे ठेवलेले आहेत. लग्नानंतर ह्यांच्याबरोबर तिथे गेले होते, तेव्हा त्या विटलेल्या लालसमोरून माझा पाय निघेना. आदिलशाहीचा इराणशी केवढा घरोबा होता हे शाळेत शिकलो होतो. तो घरोबा कापडात बघायला मिळाला तो तिथे. तेव्हापासून मनात होतं.

जानमाजेची ओळख म्हणजे मेहराब, मशिदीतल्या कोनाड्याची कमान. तिच्यामुळे गालिचाला वर आणि खाली ठरतं. पण कमान दिसली की त्यावर कुणीतरी नमाज पढलेलाच असणार, असं नाही. इराणातल्या काशान, तब्रीझ, किरमान, हेरिझ, पुढे कोम, या शहरांतल्या कारखान्यांत रेशमाचे किंवा मऊ लोकरीचे, खांब, फुलदाण्या आणि झाडं असलेले कमानीचे गालिचे विणले गेले, त्यांतले पुष्कळसे भिंतीसाठी आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी होते. काम अप्रतिम असतं, गाठी इतक्या बारीक की भिंगाशिवाय मोजवत नाहीत. त्याउलट खुरासान आणि सिस्तानकडच्या बलुची टोळ्यांच्या जानमाजा. लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, मोजके गडद रंग, कमान गोल नव्हे तर चौकोनी, आणि मध्ये बहुतेक वेळा भौमितिक पानांचं एक झाड. त्या घरात वापरल्या गेल्या, उंटावरून फिरल्या. मला पहिल्यापासून या दुसऱ्या प्रकाराची ओढ होती.

गोव्यातल्या एका दुकानाचा अनुभव सांगते, नाव न घेता. रेशमासारख्या चकाकीचा कमानीचा गालिचा समोर पसरला आणि विक्रेता म्हणाला, काशानचा आहे, जुना आहे, बघा, गुडघ्यांच्या आणि कपाळाच्या जागी कसा झिजलाय. मी गुडघे टेकून बघितलं. दोन्ही गुडघ्यांच्या जागची लव एका पातळीवर कापलेली होती. वापराने झिजलेली लव अशी नसते. ती मधून कडेकडे हळूहळू उंच होत जाते, आणि त्याच जागी पाठीवरच्या गाठीही जमिनीला घासून सपाट आणि गुळगुळीत झालेल्या असतात. इथे पाठ कोरी होती. शिवाय काशानचे लोक शिया. नमाजाच्या वेळी ते कपाळ मातीच्या लहानशा वडीवर टेकतात, तिला मोहर म्हणतात. कपाळाने गालिचा झिजल्याची गोष्ट तिथल्या मालाला लागू पडत नाही. लव दोन बोटांनी फाकवून तळ बघितला तर पांढरा सुती धागासुद्धा एकसारखा चहाच्या रंगाचा. वयाने पिवळेपणा येतो तो असा सगळीकडे सारखा येत नाही, हा चहात किंवा तसल्याच पाण्यात बुडवून आणलेला होता. माल बहुधा काश्मीरचा असावा, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं. काश्मीरचे कारागीर तालीम वाचून, म्हणजे चिन्हांत लिहिलेल्या कागदावरून एकेक गाठ मारतात. ते काम स्वतःच्या नावावर विकलं जायला हवं. दुसऱ्या गावाचं नाव लावून विकणं हा ज्याने ते विणलं त्याचाच अपमान आहे.

मटन स्ट्रीटवर याच्या अगदी उलट घडलं. मालक सत्तरीच्या आसपासचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. काय हवं ते ऐकून घेतलं, बजेट विचारलं, आणि एका पोऱ्याला सांगून तीन जानमाजा खाली आणवल्या. तिन्ही पसरल्या त्या पालथ्या. म्हणाले, “ताई, पाठ बघून घ्या आधी. तोंड नंतर बघू.” माझ्या बापाने साडीच्या गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं. दुकानातले पिवळे दिवेही त्यांनी बंद केले आणि खिडकीच्या उजेडात गालिचे ओढून घेतले. पिवळ्या दिव्याखाली जुना आणि नवा लाल सारखाच दिसतो, हे त्यांनीच सांगितलं.

पहिली काशानची, लोकरीची, फुलदाणीवाली. फार देखणी. पण वरची किनार एका बाजूला दोन बोटं कमी होती. कुठेतरी खराब झालेला भाग कापून पुन्हा काठ बांधलेला. किंमत अडीच लाखांच्या वर. ती दाखवताना उणीव त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवली. दुसरी शिराझकडची, बारीक फुलांनी भरलेली. तिच्या वरच्या पट्टीत साल विणलेलं होतं, १३२०. इथे प्रत्येकाने सावध राहावं. ते साल चांद्र हिजरी धरलं तर १९०२ च्या आसपास येतं, आणि सौर हिजरी धरलं तर १९४१. इराणने सौर पंचांग १९२५ मध्ये अधिकृत केलं, त्यामुळे एकच आकडा दोन वयं सांगू शकतो. विकणारा अर्थातच जुनं सांगणार. चाचांनी मात्र सरळ सांगितलं, लाल रंग बघता मी हिला दुसऱ्या हिशेबात धरतो, शंभराची नाही. कधी कधी एखादा आकडाच उसवून नव्याने गाठी मारतात, म्हणून सालाच्या जागी पाठ जरूर बघावी, नवी लोकर तिथे उठून दिसते.

तिसरी बलुची. तीच माझी.

तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. मधलं अंग उंटाच्या रंगाचं, त्यावर एकच झाड, पानं चौकोनी आणि काठाला दातेरी. कमानीच्या दोन्ही बाजूंना, नमाजात कपाळ टेकताना हात टेकतात तिथे, दोन गडद निळे चौकोन. दोन्ही टोकांना वीतभर सपाट विणीची पट्टी, तिच्यातही नक्षी. काठ बकरीच्या केसांनी गुंडाळलेले, हाताला राठ लागतात. भिंगाखाली मोजलं तर आडव्या इंचात नऊ आणि उभ्या इंचात दहा, म्हणजे चौरस इंचाला नव्वदच्या आसपास गाठी. काशानपुढे हा आकडा काहीच नाही, पण गाठींच्या आकड्यावरून टोळीवाल्यांचं काम जोखू नये. तिथे लोकर बघायची. ही लोकर इतक्या वर्षांनीही तेलकट, मऊ आणि चमकदार आहे, तळहात उलटसुलट फिरवला की रंग फिका-गडद होतो.

सगळ्यात मला काय पटलं, तर काळपट तपकिरी रंग. पानांची रेघ ज्या रंगाने काढली आहे ती आजूबाजूच्या लवेपेक्षा खोल गेली आहे, बोट फिरवलं की चर लागते. हा गडद रंग लोखंडाच्या क्षाराने पक्का करतात आणि तेच लोखंड वर्षानुवर्षं लोकर खातं. त्यामुळे तेवढाच रंग झिजतो, बाकीचे उठून राहतात. कात्रीने असं करायचा प्रयत्न होतो, पण मग चरीच्या कडा सरळ दिसतात आणि तळाशी लव बोथट लागते. इथे काही ठिकाणी नुसती गाठीची मान उरली आहे, काही ठिकाणी अजून तांदळाएवढी लव आहे.

लाल रंग रुनासचा, आपल्या मंजिष्ठाच्या जातकुळीतलं झुडूप, त्याच्या मुळांचा. निळा नीळीचा. रासायनिक रंगांचं साल लक्षात ठेवायला सोपं आहे: पहिला जांभळा १८५६ मध्ये इंग्लंडात निघाला, आणि रुनासातला लाल १८६९ पर्यंत प्रयोगशाळेत तयार होऊ लागला. त्यानंतर हे रंग इराणात पोचले. तिथल्या काजार राजवटीत त्यांच्यावर बंदी घातली गेली, तरी माल येतच राहिला. म्हणजे गालिचा शंभर वर्षांचा असूनही त्यात रासायनिक रंग असू शकतो. सुरुवातीचे हे रंग उन्हाने उडायचे, म्हणून लव फाकवायची: टोकाशी राखाडी आणि मुळाशी भडक जांभळा किंवा गुलाबी असेल तर ओळखावं. मी पांढरा सुती रुमाल ओला करून प्रत्येक रंगावर घासला, चाचांनी पाणी स्वतः आणून दिलं. लाल अजिबात उतरला नाही. निळ्याचा किंचित डाग आला, तो नीळीचा स्वभावच आहे, नवीन नीळीच्या साडीचाही येतो. मग गालिचा कानाशी धरून हलका दुमडला. ताणा कुजलेला असेल तर आत तटतट आवाज येतो. इथे काही नाही. शेवटी पोऱ्याने तो खिडकीसमोर धरला, कसर लागलेली भोकं असली तर उजेड आरपार दिसतो. एका कोपऱ्यात नखाएवढी जागा दिसली, तीही भरलेली.

किंमत ७०,००० सांगितली, ६२,००० ला ठरली. मी घासाघीस फार केली नाही. सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्यानंतरची. अर्धे पैसे घेऊन त्यांनी जानमाज पसंतीसाठी घरी न्यायला दिली. नाही पटली तर परत पाठवा, फक्त वाहतूक कापून घेईन, असं बिलाच्या मागे लिहून दिलं. सुती चादरीत गुंडाळून, वर ताडपत्री, आणि रात्रीच्या स्लीपर बसने पार्सल. सकाळी धर्मवीर संभाजी चौकात जाऊन मी उतरवून घेतलं. पावसाळ्याचे दिवस होते, पण आत थेंब गेला नव्हता.

घरी आल्यावर भावाला बोलावलं. त्याने गालिचा जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवरून वीत टाकली आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आक्का, हिनं विणता विणता माग हलवलाय बघ.” खरंच, खालची रुंदी वरच्यापेक्षा दीड इंच जास्त आहे, आणि साधारण मधोमध एका ओळीपासून ताणा आवळलेला दिसतो. टोळीवाल्यांचा माग जमिनीवर आडवा, चार खुंट्यांवर ताणलेला असतो. मुक्काम उठला की खुंट्या उपटायच्या, अर्धं काम गुंडाळायचं, नव्या जागी पुन्हा ताणायचं. त्याच ओळीच्या वर निळा रंगही जरा हिरवट झालाय, म्हणजे लोकर दुसऱ्या खेपेला रंगवलेली. गालिचावाले अशा पट्ट्यांना अब्रश म्हणतात आणि त्यात उणीव मानत नाहीत. मीही मानत नाही. कुठल्या बाईने, कुठल्या माळावर हे विणलं ते कधीच कळणार नाही, पण तिचा मुक्काम कुठे हलला ती ओळ मला बोटाने दाखवता येते. त्याच दिवशी उरलेले पैसे पाठवले.

आता घरात ठेवायचं कसं. आमच्या शेजारच्या आपांना मी आधीच विचारलं होतं, कारण ही कुणाच्या तरी नमाजाची वस्तू आहे आणि आम्ही हिंदू घर. त्या म्हणाल्या, पायदळी येऊ देऊ नकोस, स्वच्छ ठेव, बास. म्हणून जमिनीवर नाही, भिंतीवर लावली. आपांना वाटत होतं पश्चिमेच्या भिंतीवर लावावी, आपल्याकडून किबला, म्हणजे नमाजाची दिशा, त्याच अंगाला. पण बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको, पावसाळ्यात पश्चिमेची भिंत जांभ्या दगडाची असली की दसऱ्यापर्यंत ओल धरून बसते. लोकर तिथे टिकणार नाही. आपांनाही ते पटलं. आतल्या खोलीच्या आडभिंतीवर, ऊन येत नाही अशा जागी लावली. खिळे ठोकायचे नाहीत. वरच्या पट्टीच्या मागे सुती कापडाची नळी हाताने शिवली, टाके गाठींमधून नव्हे तर उभ्या धाग्यांमागून घेतले, आणि त्यातून लाकडी दांडा घातला. वजन सगळीकडे सारखं पडतं. पाऊस सरला की उतरवून पाठीवरून हलक्या हाताने झटकते आणि सावलीत हवा देते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या गालिचाला आमच्या हवेत बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. धुलाई आणि दुरुस्तीत ते तितके काटेकोर नाहीत. खालच्या सपाट पट्टीत एक जुनी दुरुस्ती आहे, तिचा लाल भडक आहे आणि दारातूनही दिसतो. मी विचारल्यावर लगेच कबूल केलं, पण असा लाल मुळात वापरायलाच नको होता. धुऊन देतो म्हणाले, तेव्हा मी नको म्हटलं. क्षार टाकून धुतलेल्या लोकरीचं तेल जातं आणि ते परत येत नाही. दुसरं, बिलावर त्यांनी फक्त ‘जुना गालिचा’ असं लिहिलं होतं. मी आग्रहाने प्रदेश, अंदाजे वय, माप आणि दुरुस्त्या लिहून घेतल्या. हे प्रत्येकाने करावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलांना भेट पाठवायचा विचार असेल तर आधीच सोडून द्यावा. परवाना दाखवा म्हटलं तेव्हा चाचांनी भिंतीवरून काढून हातात दिला. गोव्यात हाच प्रश्न विचारला तर विषय बदलला गेला होता.

६२,००० ही आमच्यासाठी मोठी रक्कम आहे, आणि सगळ्यांनी एवढे घालावेत असं मी म्हणणार नाही. ज्यांना खरोखर नमाजासाठी किंवा जमिनीवर रोज वापरायला हवी, त्यांनी धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद बघावं. तिथल्या मुस्लिम बाया उभ्या मागावर सुती जमखाने विणतात, त्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि जमखान्यांबरोबर त्या जानमाजाही करतात. त्यांच्या घराण्यांची परंपरा विजापूरहून आल्याचं सांगतात. वीण सपाट, रंग झणझणीत, घरी धुता येते. विणणाऱ्या बाया कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे थेट त्यांच्याकडून घेतलंत तर पैसा योग्य हातात पडेल. माझ्या सुनेला मी तिथलीच घेऊन दिली आहे.

मुंबईला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी मटन स्ट्रीटवरची बरीच पक्की दुकानं बंद असतात. सकाळी अकरा ते दुपारच्या नमाजापर्यंत चाचा स्वतः गादीवर असतात आणि उजेडही चांगला मिळतो. भिंग आणि पांढरा रुमाल बरोबर न्या. काशानची ती फुलदाणीवाली मागच्या महिन्यापर्यंत तिथेच होती. कुणाला कापलेल्या किनारीची अडचण नसेल आणि तेवढी ऐपत असेल, तर जरूर बघून यावी.